नववं ताट

दार वाजलं तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत रक्ताने भरलेले होते. नवरा कंपाउंडरला आणायला गेला होता, पण त्याची खूण ठरलेली होती. दोन थापा, मग थांबून एक. हे वाजवणं तसं नव्हतं. कुणीतरी बोटांच्या पेरांनी, सभ्य माणसासारखं वाजवत होतं. पडद्यामागे माझा धाकटा दीर पडला होता. गोळी त्याच्या पोटरीतून आरपार गेली होती. मिलमधून आणलेल्या कापसाच्या चिंध्या मी भोकात कोंबल्या होत्या, वरून हळद दाबली होती आणि माझं जुनं लुगडं फाडून आवळून बांधलं होतं. तरी रक्त थांबत नव्हतं.

"वयनी, कोण गो?"

"गप पड. तोंडात फडका घाल."

हात धुवायला वेळ नव्हता. चुलीजवळ कढीसाठी आमसुलं भिजत घातली होती. त्या पातेल्यात मी दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले, फरशीवरच्या डागावर पायाने गोणपाट सरकवलं आणि तसेच ठिबकते हात घेऊन कोपराने कडी काढली.

दारात पोलीस नव्हता. चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा होता. पांढरा शर्ट, विजार, काखेत कागदांचा गठ्ठा, तीन जिने चढून लागलेली धाप.

"नमस्कार. मी कॉलेजातून आलोय. कामगारांच्या घरी काय शिजतं, कोण किती जेवतं, याची आमची पाहणी चालू आहे. तुमच्या खोलीचा नंबर यादीत आहे."

यादी म्हटल्यावर मी दार पायाने अर्धं लोटलं. कसल्या यादीत कोण जातं ते त्या आठवड्यात सगळ्या लालबागला माहीत होतं.

"आजच?"

"संचारबंदी सकाळी उठली ना."

"मास्तर, शेजारी विचारा. त्यांच्याकडे पण शिजतं."

"तसं चालत नाही हो बाई. चिठ्ठ्या टाकून खोल्या काढल्यात. मी आपल्या मर्जीने खोली बदलली तर पाहणीला अर्थ राहत नाही."

असा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. खाली रस्त्यावर दगडविटांचा खच, नाक्यावर पोलिसांच्या गाड्या, आणि हा चिठ्ठीत खोली निघाली म्हणून कढी विचारायला आलेला. दार लावून घ्यावं तर संशय येणार. मी बाजूला झाले. तो आत आला आणि पडद्यापासून दोन हातांवर पाटावर बसला.

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं. मुंबई आपल्याला देणार नाहीत म्हणून गिरण्या बंद पडायच्या, मोर्चे निघायचे, गोळ्या सुटायच्या. दीर मोर्चात गेला होता आणि शेजारच्या दोघांनी त्याला मागच्या जिन्याने उचलून वर आणला होता. जखमी माणूस ज्या घरात सापडेल त्या घरातून पोलीस उचलतात, असं सगळे बोलत होते. खरं असेल, नसेल. पण दवाखान्यात न्यायची कुणाची छाती होत नव्हती. त्याला पकडलं असतं तर मिलमधलं साच्यावरचं, म्हणजे मागावरचं, काम गेलं असतं, ते गेलं तर गेलं. पण त्या पायाने कोठडीत पडला असता तर पाय सडून मेला असता. एवढंच मला कळत होतं. सासू मरताना त्याचा हात माझ्या हातात देऊन गेली होती. तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

माझी खाणावळ होती. एकाच खोलीत, दहा बाय बाराच्या. सहा गडी जेवायला, सगळे आमच्याच गावाकडचे, आणि घरचे आम्ही तिघं. प्रत्येकाचं स्वतःचं ताट. पितळेचं, खोल, उंच काठाचं. भांड्यावर नाव कोरून घेतल्याशिवाय आमच्यात कोणी ते वापरायला काढत नाही, म्हणून काठावर ज्याचं त्याचं नाव. आठ ताटं फळीवर उभी होती. नववं पडद्याशी जमिनीवर होतं. दिराच्या पोटात काही जावं म्हणून त्यात पेज ओतून निवायला ठेवली होती. कागदवाला आला तेव्हा वाफ येत होती.

त्याने पेन काढलं. "जेवणारी माणसं किती?"

"आठ. सहा गडी, माझा नवरा नि मी."

त्याने मान वर केली, फळीवरची ताटं मोजली, मग जमिनीवरच्या ताटाकडे बघितलं.

"ताटं नऊ आहेत."

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. म्हणाले, "ते सासूबाईंचं."

"त्या कुठे आहेत?"

"वारल्या."

"मग ताट?"

"त्यांना पान वाढायचं असतं."

"आज त्यांचा काही दिवस आहे का?"

आज दिवस असता तर वडे, खीर, पाच भाज्या असत्या. पेज कोणी पितरांना वाढत नाही. हे लहान पोराला कळलं असतं, आणि मला ते बोलता बोलता कळलं. म्हणून आणखी खोल गेले.

"रोज वाढतो," म्हणाले.

"रोज?"

"रोज. आमच्यात तशी रीतच आहे."

"आणि मग ते खातं कोण?"

"कावळा."

तो काहीतरी लिहीत राहिला. मग म्हणाला, "आंबट काय घालता? चिंच की आमसूल?"

मी हात पुढे केले. "हे काय, आमसुलं."

तो माझ्या हातांकडे जरा जास्त वेळ बघत राहिला असं मला वाटलं. मग "आमसूल" असं म्हणत त्याने ते लिहिलं. मासे आठवड्यातून किती वेळा, भाकरी तांदळाची की ज्वारीची, गूळ की साखर. मी उत्तरं देत होते आणि कान पडद्याकडे. तेवढ्यात दीर कण्हला. फडका तोंडात असूनही कण्हला. मी उलथणं फरशीवर टाकलं, ते खणखणलं, पण मधला क्षण गेलाच होता.

आणि त्याच वेळी कागदवाल्याने आवाज चढवला. मघापर्यंत गरीब गाईसारखा बोलणारा माणूस एकदम शाळेत हजेरी घेतल्यासारखा ओरडायला लागला. "तेल कोणतं? खोबरेल की शेंगदाणा? तिखट घरी कुटता की विकत?"

मला राग आला. शिकलेल्या माणसांना वाटतं की आपण अडाणी म्हणजे बहिरेच. मीही ओरडून उत्तर दिलं, "घरी कुटते! बहिरी नाही मी!"

"नीट सांगा! मला सगळं नीट लिहायचंय!"

आम्ही असे भांडल्यासारखे बोलत असताना गॅलरीतून बूट वाजले. दोन पोलीस एकेका दारात डोकावत येत होते. आमच्या दारात आले.

"ए बाई, घरात कोण कोण हाय?"

मी उलथणं उचलायला वाकले. कागदवाला मान न वळवता म्हणाला, "अहो, मध्ये बोलू नका हो. माझी मोजणी चुकते."

"तुम्ही कोण?"

त्याने शिक्क्याचा कागद वर धरला. "पाहणी. आठ माणसं आहेत या खोलीत, मी सगळी लिहून घेतलीत. तेलापर्यंत आलोय. आता परत पहिल्यापासून विचारायला लावू नका."

एक पोलीस दुसऱ्याला म्हणाला, "गोळीबारात बी ह्यांचं चालूच हाय, बघ." दुसरा हसला. गेले पुढे.

कागदवाल्याने आणखी चार प्रश्न विचारले, कागदांच्या कडा जुळवल्या आणि उठला. जाताना म्हणाला, "बाई, पेज गार होतेय."

मी दार लावलं आणि खाली बसले. मग माझी नजर ताटावर गेली. त्याचा काठ कागदवाल्याच्या बाजूला होता, आणि त्यावर माझ्या दिराचं नाव होतं. मोठ्या अक्षरात, पुढे बापाचं नाव, खाली गाव. माणूस लपवला, रक्त लपवलं, आणि नाव समोर मांडून ठेवलं. चौथी शिकलेली होते मी, वाचता येत होतं. तरी ध्यानात आलं नाही.

"वयनी," पडद्यामागून आवाज आला, "माका कावळो केलंस?"

"गप पेज गिळ."

दोन थापा आणि एक असं दार वाजलं तेव्हा दुपार झाली होती. कंपाउंडरने जखम धुतली, म्हणाला हाड वाचलंय, पुढचं तापावर आहे. ताप नऊ दिवस होता. चौथ्या दिवशी पाय काळपटला तेव्हा मी मनातून त्याला सोडून दिलं होतं, हे खरं सांगते. सहाव्या दिवशी त्याने सुका बांगडा मागितला, तेव्हा कळलं की राहतोय. चालता यायला लागल्यावर नवऱ्याने त्याला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावाला पाठवला. मिलमध्ये जिन्यावरून पडला म्हणून सांगितलं. तीन महिन्यांनी तो लंगडत परत आला आणि साच्यावर उभा राहिला. त्या आमसुलांचं काय केलं ते विचारू नका.

ही गोष्ट मग आमच्या मजल्यावर वर्षानुवर्षं चालली. महाराष्ट्र झाला त्या दिवशी गॅलरीत पेढे वाटले, तेव्हासुद्धा शेजारणीने मला करायला लावली. मी त्या कागदवाल्याची नक्कल करायची, "माझी मोजणी चुकते!" आणि बायका पोट धरून हसायच्या. अख्खा माणूस दोन हातांवर पडलाय आणि ह्याला तेलाची पडलीय. मी त्याला वेडा ठरवला होता. शिकून शिकून डोळ्यांवर झापड आलेला. गोष्ट सांगताना ताटाच्या काठाचं मात्र मी कधी बोलले नाही. तो माझा गाढवपणा होता.

गेल्या वर्षी एक पोरगी आली. आमची चाळ अजून उभी आहे, पाडायचं बोलणं चालू आहे, आणि मी त्याच खोलीत आहे. पोरीच्या पाठीला पिशवी, हातात बोटाएवढं यंत्र.

"आजी, मी अर्थशास्त्राचा इतिहास लिहितेय."

"म्हणजे पैशाचा?"

"नाही. पैशाचा, अन्नाचा, मजुरीचा अभ्यास ज्यांनी केला त्या माणसांचा. त्यांना जे कळलं ते कसं कळलं, त्याचा. पुस्तकात नुसते आकडे असतात. ते आणले कुठून, कोणी, कसे, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून मी म्हाताऱ्या प्राध्यापकांना जाऊन विचारते."

"मग माझ्याकडे कशाला? मी कुठली प्राध्यापक?"

"आकडे तुमच्याकडून गेले ना."

उत्तर बरं होतं. मी तिला चहा केला. तिने यंत्र चालू केलं आणि वहीतला पहिलाच प्रश्न वाचला. "मेलेल्या माणसासाठी रोज एक ताट वाढायची तुमच्यात प्रथा होती. ती कधी बंद पडली?"

मला हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, पोरगी घाबरून पाणी घेऊन आली. माझी थाप कॉलेजच्या कुठल्याशा पुस्तकात जाऊन बसली होती. गिरणगावातल्या घरांत अन्न थोडं जास्त का लागतं त्याची कारणं दिली होती म्हणे, त्यात माझी सासू. सासू असती तर तिने माझा कान पिळला असता.

मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या थापेपासून. ती वहीत लिहीत गेली. संपल्यावर पिशवीतून एक कागद काढला. त्या दिवशीच्या कागदाची नक्कल होती. चष्मा लावून मी वाचलं. खोली नंबर माझा. आंबट: आमसूल. तिखट: घरी. आणि वर, जेवणाऱ्यांच्या चौकटीत, आधी नऊ लिहून खोडलं होतं आणि शेजारी आठ लिहिलं होतं.

"हे पाहणीवाल्या सरांनी तिथेच खोडलं, तुमच्यासमोर," ती म्हणाली. "त्यांना माहीत होतं, आजी. मी त्यांची मुलाखत घेतलीय. पडद्याखालून त्यांना पाय दिसला होता. रक्ताळलेलं फडकं बांधलेला. तुम्ही त्यांना चहा दिलात, तेव्हा कप घेताना दिसला."

"पहिली गोष्ट, मी चहा दिला नाही. तीन दिवस दूध नव्हतं. दुसरी, माझा पडदा जमिनीवर लोळायचा. पाय दिसणं शक्य नाही."

"पण ते अगदी खात्रीने सांगत होते."

"सांगू देत. ते खोटं बोलत नाहीत. पण तसं झालं नाही."

"मग त्यांना कळलं कशावरून?"

मी उठले, फळीवरून ताट काढलं आणि काठ तिच्यासमोर धरला. ती बोट फिरवत नाव वाचत गेली. इतकी वर्षं मी लपवलेला गाढवपणा तिच्या यंत्रात गेला.

मग बसल्या बसल्या मला बाकीचं उलगडत गेलं. तो माझ्या हातांकडे बघत राहिला होता. दीर कण्हल्यावरच ओरडायला लागला होता. पोलिसांना तोंड न दाखवता बोलला होता, कारण तोंड दाखवलं असतं तर ते पांढरं पडलेलं दिसलं असतं. पेज गार होतेय म्हणाला, ते कावळ्यासाठी नव्हे. एवढी वर्षं मी ज्याची नक्कल करून हसले, त्याने आपल्या पाहणीत जाणूनबुजून खोटं लिहिलं होतं. जो माणूस चिठ्ठीत निघालेली खोलीसुद्धा बदलायला तयार नव्हता त्याने. त्याच्या धंद्यात त्याहून मोठा गुन्हा नसणार. मी पोलिसांना फसवलं असं समजत होते. फसवलं त्याने, माझा वाटा फक्त ओरडण्याचा.

पोरगी म्हणाली, "आता मी काय लिहू? पाय की ताट?"

"दोन्ही लिही. त्यांचं त्यांच्या नावाने, माझं माझ्या. आणि नऊ माणसं होती, ते पहिलं लिही. तो आकडा तरी आता बरोबर होऊ दे."

महिन्याभराने तिने माझं बोलणं टाईप करून आणून दिलं. एके ठिकाणी लिहिलं होतं की मी त्या प्रसंगाला धीराने सामोरी गेले. मी असं बोलले नव्हते. मी घाबरले होते, आणि घाबरून इतकं वाईट खोटं बोलले की ते पुस्तकात गेलं. तिने लगेच खोडलं. पण म्हटलं, आपलं आपण लिहून ठेवावं. म्हणून हे लिहिलं.

पोरगी पहिल्यांदा आली त्या दिवशीचं एक राहिलं. यंत्र बंद करून पोरगी उठली नाही. चुळबुळत बसली.

"आजी, सरांनी मला एक काम सांगितलंय. म्हणाले, तुम्ही मुलाखत दिली नाहीत तरी चालेल, पण एवढं विचार. ते या चाळीकडे परत कधी फिरकले नाहीत. आपल्यामागे लोक लागले आणि तुम्ही सापडलात तर, म्हणून. पण तो माणूस..."

"लाव त्यांना फोन."

तिने लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे म्हातारा खोकत होता.

"बाई, तुम्हीच का त्या? आवाज ओळखला. तेव्हाही ओरडत होतात."

"आधी तुम्ही ओरडलात, मास्तर."

"हो." तो पुन्हा खोकला. मग म्हणाला, "चहा छान होता तुमचा."

"मी दिला नव्हता. येऊन प्या आता."

"बाई, तो..."

"जगला. गिरण्या बंद पडेपर्यंत साच्यावर होता. आता गावाला आहे, दोन सुना आहेत, लंगडतो, आणि पेज दिली की नाक मुरडतो."

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. पोरगी खिडकीकडे बघत होती. मी फोन धरून बसले, घाई केली नाही.

माझा नवरा गेला. कंपाउंडर गेला. त्या सहा गड्यांतला आता एकही नाही. पण दार वाजलं तेव्हा खोलीत होतो ते दोघं, दीर आणि मी, आणि दार वाजवणारा तो तिसरा. आम्ही तिघंही जिवंत आहोत.